गावच्या पाइप बँडमध्ये शिरायचंय? मग बॅगपाइप सगळ्यात शेवटी घ्या

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो: बॅगपाइप विकत घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. ऑनलाइन शे-सव्वाशे पाउंडात चकचकीत सेट दिसतात, पिशवीला टार्टनचं, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचं, कव्हर, सोबत पुस्तक, ठेवायला बॅग, आणि हात लगेच ऑर्डर द्यायला शिवशिवतात. पण त्यातले बरेचसे भिंतीवर टांगायच्या लायकीचे असतात, भोकं जागच्या जागी नसतात, सांधे गळतात, सूर काही केल्या लागत नाही. बँडमध्ये नेलात तर पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, दोन मिनिटं हातात घेऊन बघेल आणि गोड हसून परत देईल.

हे मुख्यतः स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, ज्यांना रस्त्यावरून किल्टवाला बँड गेला की पाय आपोआप ताल धरतात आणि "आपल्याला घेतील का हो?" असं वाटतं. घेतात. वयाची अट नाही, स्कॉटिश असायची तर अजिबातच नाही, संगीत येत नसलं तरी चालतं. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी बँड, मग चँटर (सरावाची नळी), मग उसना बॅगपाइप, आणि स्वतःचा सगळ्यात शेवटी.

बँड म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे बहुतेकांनी बॅगपाइप ऐकलेला असतो तो लष्कराच्या परेडमध्ये, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचाही पाइप बँड आहे. स्कॉटलंडमध्येही गोष्ट लष्करातूनच आली, 1854 मध्ये हायलँड रेजिमेंटांना पाइप मेजर आणि पाच पाइपर अधिकृतपणे ठेवायची परवानगी मिळाली आणि हळूहळू पाइप आणि ड्रम एकत्र वाजायला लागले. मग ते लष्कराबाहेर पडलं, ग्लासगोजवळच्या गोव्हनच्या पोलिसांनी 1883 मध्ये बँड काढला, त्यानंतर कोळशाच्या खाणींच्या गावांनी काढले. लॅनार्कशायरमधल्या शॉट्स गावचा शॉट्स अँड डाइकहेड 1910 चा. 1947 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पहिला आला तो बोहिल कोलियरी, म्हणजे फाइफमधल्या खाणीचा बँड. खाणी गेल्या, पण गावोगावचे बँड बऱ्यापैकी टिकले.

आजचा गावचा बँड म्हणजे बहुतेक वेळा एक रजिस्टर्ड चॅरिटी, कमिटी, खजिनदार, आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी चर्चचा हॉल किंवा शाळा. वातावरण आपल्या ढोल-ताशा पथकाच्या सरावासारखंच, सगळ्या वयाची माणसं, एकमेकांची टिंगल, चहा, आणि वेळेवर न येणाऱ्यावर सगळ्यांचा राग. फरक इतकाच की हे वर्षभर चालतं. शिकवणं बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र वर्गणीत, कारण बँडला माणसं हवी असतात, आज तुम्हाला शिकवलं नाही तर चार वर्षांनी रांगेत उभं कोण राहणार?

बँड शोधताना

आपल्या गावाचं नाव आणि पाइप बँड एवढं सर्च केलं तरी बहुतेक वेळा सापडतो, शिवाय आरएसपीबीए म्हणजे रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन ही 1930 ची संस्था आहे, तिच्या जागोजागी शाखा आहेत, तिथूनही जवळचे बँड कळतात. लायब्ररीतला नोटीस बोर्डही बघा, हसू नका, इथे तो अजून चालतो.

ईमेल करा आणि सरळ प्रॅक्टिसला जाऊन बसा. सगळ्यात चांगला महिना सप्टेंबर. ऑगस्टअखेर स्पर्धांचा सीझन संपतो, शाळा सुरू झालेल्या असतात, नवशिक्यांचे क्लास तेव्हाच भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये विचारलंत तर उत्तर येणार नाही, आलं तरी एका ओळीचं येईल, कारण सगळे वर्ल्ड्सच्या, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, तयारीत बुडालेले असतात, मनाला लावून घेऊ नका.

ग्रेड काय ते विचारा. बँडांच्या ग्रेड असतात, ग्रेड 1 सगळ्यात वरची, मग 2, 3ए, 3बी, 4ए, 4बी, आणि लहान मुलांसाठी नॉव्हिस जुवेनाइल, जुवेनाइल वगैरे. काही बँड स्पर्धेत उतरतच नाहीत, फक्त परेड आणि गावचे कार्यक्रम करतात. तुम्ही मोठेपणी शिकणार असाल तर 4बी किंवा बिनस्पर्धेचा बँड बघा. ग्रेड 1 चा बँड जवळ असेल तर त्यांना ऐकायला जा, जमलं तर त्यांच्या खालच्या बँडमध्ये शिरा. आणि मोठ्यांचा वेगळा क्लास आहे का हे नक्की विचारा, नाहीतर नऊ वर्षांच्या पोरांच्या टेबलावर बसावं लागतं आणि ती पोरं तुमच्यापेक्षा भराभर पुढे जातात (हे तसंही होणारच आहे).

एक बारीक गोष्ट: शिकवणाऱ्यांची पीव्हीजी तपासणी (माणसाची पार्श्वभूमी बघणारी सरकारी तपासणी) झालेली असते, मुलं असलेल्या ठिकाणी ती लागते. पुढे तुम्ही स्वतः शिकवायला लागलात तर तुमचीही होईल. आणि पाइप मेजरला "सर" म्हणू नका, सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, अगदी बारा वर्षांची मुलगी सत्तरीच्या आजोबांनासुद्धा.

चँटर: इथेच खरा वेळ जातो

पहिली खरेदी प्रॅक्टिस चँटरची. बासरीसारखी दिसणारी, आत प्लॅस्टिकची रीड असलेली नळी, साधारण साठ ते ऐंशी पाउंडात प्लॅस्टिकचा चांगला मिळतो. मोठ्या माणसाने लांब साइजचा घ्यावा, त्याच्या भोकांमधलं अंतर खऱ्या पाइपच्या जवळ जातं. पुष्कळ बँड सुरुवातीला उसनाही देतात.

सूर एकूण नऊ. लो जी, लो ए, बी, सी, डी, ई, एफ, हाय जी, हाय ए. बस, यापलीकडे काही नाही. हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्यांसाठी सांगतो, लो ए ला सा धरा, मग मिळतं सा रे ग म प ध, कोमल नि, तार सा, आणि सा च्या खाली एक मंद्र कोमल नि. म्हणजे सरळ खमाज थाट. कागदावर ए लिहिलेलं असतं पण वाजतो तो काळी पाचच्या थोडा वर, आजकालचे बँड 480 हर्ट्झच्या आसपास लावतात. तीन ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या, असतात, दोन टेनर आणि एक बेस, तिघेही फक्त सा देतात, टेनर एक सप्तक खाली आणि बेस दोन सप्तकं खाली. पंचम नाही, मध्यम नाही, नुसता सा. चँटरचे सूर या ड्रोनशी मिळवलेले असतात, त्यामुळे सी म्हणजे आपला ग हार्मोनियमच्या पट्टीपेक्षा किंचित उतरलेला लागतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना हे लगेच पटतं, कीबोर्डवाल्यांना सुरुवातीला बेसूर वाटतं.

धरायची पद्धत: डावा हात वर, उजवा खाली. बोटं सपाट ठेवायची. उजव्या हाताची भोकं बोटाच्या टोकाने झाकायची नाहीत, मधल्या पेराने झाकायची, फक्त करंगळीचं टोक चालतं. बासरी वाजवणाऱ्यांची ही सवय बदलायला वेळ लागतो.

आता मुख्य भानगड. बॅगपाइपचा आवाज थांबत नाही. पिशवीत हवा आहे तोवर वाजतच राहणार, जीभ लावून सूर तोडता येत नाही, लहान-मोठा आवाज करता येत नाही, मध्ये शांतता नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा कसा? मधे एक अगदी निमिषभराचा दुसरा सूर टाकून. डाव्या हाताची तर्जनी झटकन उचलून परत टेकवली की झाली जी ग्रेसनोट. अशा ग्रेसनोट्सच्या जोड्या आणि गुच्छ म्हणजे डबलिंग, ग्रिप, टाओरलुआ, डी वरचा थ्रो. सगळी कला यातच आहे, ट्यून पाठ होणं त्यामानाने सोपं.

एक उदाहरण जवळून बघा, बर्ल. लो ए वाजतोय, उजव्या हाताची करंगळी वर आहे. ती खालच्या भोकावर दोनदा आपटायची, इतक्या पटकन की ऐकणाऱ्याला र्र्र असं काहीतरी कळावं आणि परत लो ए यावा. पहिले काही आठवडे करंगळी ऐकतच नाही, शेजारचं बोट सोबत उचललं जातं, मनगट आखडतं. उपाय कंटाळवाणा आहे: मेट्रोनोम लावून अतिशय सावकाश, ए-जी-ए-जी-ए, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल असं, आणि मग आठवड्यागणिक थोडा वेग. घाईघाईने केलेला बर्ल पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो, पंचवीस वर्षं वाजवणाऱ्यांचे पण बिघडलेले बर्ल असतात.

दुसरी खोड म्हणजे सूर बदलताना मधेच ऐकू येणारा फालतू सूर. डी वरून ई ला जाताना वरचं बोट उचलणं आणि खालची बोटं टेकणं एकाच क्षणी व्हायला हवं, जरा मागेपुढे झालं की एक नको असलेला टुक ऐकू येतो. चँटरवर तो लहान वाटतो, पाइपवर अख्ख्या मैदानाला ऐकू जातो.

रोज वीस मिनिटं करा, रविवारी एकदम तीन तास नकोत. नोटेशन वाचायला शिकाच, नऊच सूर असल्यामुळे चार-पाच आठवड्यांत जमतं. पूर्वी पाइपचं मोठं शास्त्रीय संगीत कागदाशिवाय, ठराविक बोल तोंडाने गाऊन शिकवायचे, त्यामुळे शिकवणारे अजूनही ट्यून आधी गाऊन दाखवतात, तुम्हीही गात चला, लाजू नका. बँडशिवाय वेगळे क्लास हवे असतील तर ग्लासगोत नॅशनल पाइपिंग सेंटर आहे, 1996 पासून, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, तिथे प्रत्यक्ष आणि ऑनलाइन दोन्ही शिकवतात.

किती दिवस लागतात? सहा महिने ते वर्षभर फक्त चँटर, आणि बँडबरोबर रस्त्यावर उतरायला बहुतेकांना दोन वर्षं तरी. कुणी तीन महिन्यांत सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

फुंकायचं नसेल तर ड्रम आहेतच. स्नेअर अवघड, त्याची बोटातली कसरत वेगळीच आणि पॅडवर महिनोन्महिने घासावं लागतं. टेनर ड्रमवाले काठ्या फिरवत वाजवतात, बघायला ते सगळ्यात भारी. बेस ड्रम एकच, पण त्याचा ठोका हलला की सगळा बँड हलला. ताशा किंवा तबला वाजवलेल्यांनी स्नेअर नक्की करून बघा.

पाइप हातात आल्यावर

चँटरवर सात-आठ ट्यून स्वच्छ आल्या की बँड आपल्याकडचा उसना सेट देतो. सगळं एकदम चालू करू नका. आधी नुसती पिशवी आणि पाइपचा स्वतःचा चँटर, किंवा ड्रोनना बूच लावून, मग एक ड्रोन, मग दोन, मग तीन. कौशल्य हे की तोंडाने फुंकणं आणि काखेतल्या पिशवीवरचा दाब यांची अदलाबदल होताना दाब जराही हलता कामा नये. दाब हलला की सूर डुगडुगतो. लोकांना वाटतं फुप्फुसाची ताकद लागते, खरं म्हणजे सवय लागते, आणि रीड हलकी असेल तर सडपातळ माणूसही आरामात वाजवतो. सुरुवातीला हलकी रीड मागून घ्या, कडक रीड वाजवण्यात काही मर्दुमकी नाही.

पिशवी कातड्याची असेल तर तिला अधूनमधून सीझनिंग (हवा गळू नये म्हणून आतून लावायचं मिश्रण) लागतं, सिंथेटिक असेल तर नाही. सांधे मेण लावलेल्या धाग्याने गुंडाळून घट्ट करायचे, इतके की हवा गळू नये पण ड्रोन हाताने वरखाली सरकावा. गळतंय का बघायला सगळी तोंडं बंद करून पिशवी फुगवा आणि काखेत दाबून धरा, ती टणक राहिली पाहिजे. गळका सेट घेऊन दमणारे आणि स्वतःच्या दमाला दोष देणारे खूप बघितलेत.

आणि हे सिरियसली घ्या: वाजवून झालं की सेट उघडा, चँटर आणि ब्लोपाइप (फुंकायची नळी) पुसा, हवेला ठेवा. 2016 मध्ये थोरॅक्स या वैद्यकीय जर्नलमध्ये एका पाइपरची केस आली होती, त्याच्या बॅगपाइपच्या आत बुरशी वाढली होती आणि फुप्फुसाच्या आजाराने तो गेला, डॉक्टरांनी संबंध त्या बुरशीशी जोडला. ओला सेट आठवडाभर पेटीत कोंबून ठेवणाऱ्यांनी हे वाचावंच. इयरप्लगही घ्या, बंद हॉलमध्ये दहा-बारा पाइप आणि स्नेअर म्हणजे कानांची वाट लागते.

प्रॅक्टिसची संध्याकाळ

आधी सगळे पाइपर टेबलाभोवती चँटर घेऊन बसतात आणि पाय आपटत ट्यून एकत्र घासतात. ड्रमर दुसऱ्या खोलीत पॅडवर. मग पाइप निघतात, दहा-पंधरा मिनिटं गरम होतात, आणि मग ट्यूनिंग. नवीन माणसाला हे बघून वाटतं की ही मंडळी वाजवणार कधी? पाइप मेजर एकेकासमोर ट्यूनर घेऊन उभा राहतो. रीड जरा आत ढकलली की सूर चढतो, भोकाच्या वरच्या कडेला टेप लावली की तेवढा एक सूर उतरतो. मग ड्रोन, लांब केला की उतरतो, आखूड केला की चढतो. तुम्ही फक्त सारखा दाब ठेवून फुंकत उभं राहायचं, हात लावायचा नाही, मत द्यायचं नाही. आणि ट्यूनिंग झाल्यावर कोपऱ्यात जाऊन जोरजोरात वाजवत बसायचं नाही, सूर परत हलतो.

सुरुवात एकदम होणं हा वेगळाच विषय. पाइप मेजर क्विक मार्चची ऑर्डर देतो, ड्रमचे दोन रोल, दुसऱ्या रोलला पिशवीवर फटका, सगळे ड्रोन एकत्र, मग सगळ्यांचा ई एकत्र, मग ट्यून. एखाद्याचा चँटर आधी बोंबलला की संपलंच. शेवटही तसाच, सगळे एका क्षणी बंद. नवशिक्याने घरी ट्यूनपेक्षा हा चालू-बंदचा सराव जास्त करावा, बँडमध्ये घ्यायचं का नाही हे बरेचदा यावरच ठरतं. चालत वाजवणं त्यानंतर, डावा पाय आधी, आणि आधी घराच्या अंगणात करून बघा.

किल्ट वगैरे

युनिफॉर्म बँड देतो, जपायचा तुम्ही. किल्टच्या चुण्या मागे, सपाट बाजू पुढे, खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. मोजे गुडघ्याखाली दोन-तीन बोटं दुमडलेले, बाजूला फ्लॅशेस (रंगीत फिती), पुढे स्पोरन (कमरेची पिशवी), डोक्यावर ग्लेनगॅरी टोपी. ग्लेनगॅरीच्या मागच्या रिबिनी कापायच्या किंवा बांधायच्या ते तुमच्या मनावर नाही, बँडमध्ये जसं आहे तसं. बायका-मुलीही हाच वेश घालतात. लोकर जाड असते, जूनमध्ये घाम आणि नोव्हेंबरमध्ये गुडघ्यांना वारा, दोन्हीची तयारी ठेवा.

वर्षभराचं गणित

मे ते ऑगस्ट सीझन. जूनमध्ये गावोगावच्या गाला डे च्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुका, तिथे बँड पुढे चालतो आणि त्याचे पैसे मिळतात. मग हायलँड गेम्स, स्पर्धा. पाच मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात, त्यातली शेवटची वर्ल्ड्स, ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर. तिकडे बँड रांगेत चालत येतो, आत तोंड करून गोल करतो आणि वाजवतो, चार परीक्षक बाहेरून फिरत ऐकतात, दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळ बघणारा. म्हणजे प्रेक्षकांकडे बँडची पाठ. काही मिनिटांचा खेळ, त्यासाठी वर्ष गेलेलं असतं. पाऊस असला तरी होतं, चिखलात होतं. हौशी बँड कुठवर जाऊ शकतो ते बघायचं तर इन्व्हरारी गावच्या बँडचं नाव घेतात, 2003 मध्ये पाइपर स्टुअर्ट लिडेल यांनी शिकवलेल्या मुलांना एकत्र करून सुरू झालेला बँड 2017 मध्ये ग्रेड 1 चा वर्ल्ड चॅम्पियन झाला. सगळ्यांचं तसं होत नाही, बहुतेक 4बी वाले सहावे आले तरी बसमध्ये गाणी म्हणत परत येतात.

नोव्हेंबरमध्ये रिमेंब्रन्स संडे, गावच्या युद्धस्मारकापाशी. इथे गंमत नाही, फोन बंद, बूट चकाचक, आणि नवशिक्याला बहुधा नुसतं उभं करतात. 30 नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे, 25 जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाची बर्न्स नाइट, तेव्हा हॅगिस या मेंढीच्या मांसाच्या पदार्थाची थाळी पाइपच्या सुरात आणतात आणि एकेकट्या पाइपरांना चार पैसे मिळतात.

वाजवण्याइतकंच बाकीचं काम असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. रॅफलची (सोडतीची) तिकिटं खपवा, क्विझ नाइटला खुर्च्या लावा, ड्रम व्हॅनमध्ये चढवा, ग्रँटचे फॉर्म भरा. आपल्यातल्या आयटी आणि अकाउंट्सवाल्यांना इथे भाव आहे, एक्सेल येतं असं चुकून बोललात तर पुढच्या सभेत खजिनदार झालात समजा. गावात मिरवणूक काढायची असेल तर कौन्सिलला 28 दिवस आधी कळवावं लागतं, 1982 च्या कायद्यानुसार, तेही कुणीतरी करायचं असतं.

आता विकत घ्यायचा का?

दोन-तीन वर्षं टिकलात तर घ्या. नवा चांगला सेट हजार पाउंडाच्या आसपास सुरू होतो आणि वर कितीही जातो, ड्रोन आफ्रिकन ब्लॅकवुडचे. जुना घ्यायचा तर पाइप मेजरला सोबत न्या, तो वाजवून, भेगा बघून सांगेल. जुन्या सेटवर हस्तिदंताच्या कड्या असतील तर जपून, ब्रिटनमध्ये 2022 पासून हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कडक कायदा लागू आहे, सूट नोंदवल्याशिवाय तो सेट विकता येत नाही, आणि तो घेऊन देशाबाहेर जायचं तर परवान्यांची वेगळी कटकट. म्हणून गणपतीत पुण्याला नेऊन वाजवायचा बेत असेल तर बिनहस्तिदंताचाच घ्या, विमानात सोबत ठेवा, सामानात टाकू नका, चँटरची रीड काढून तिच्या छोट्या डबीत ठेवा, आणि तिकडे पोचल्यावर एक दिवस तरी पेटीतच राहू द्या, गारठ्यातून आलेलं लाकूड एकदम उन्हात काढलं तर तडकतं.